‘नशीब’ इंग्रजीत लिहिताना

ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली, तर ते ‘लक’, निव्वळ योगायोग. टळणारच नाही, आणि बहुधा वाईटच, तिथे ‘फेट’. विशेषण जपून वापरा: नशिबात लिहिलेली भेट ‘फेटेड’, पण ‘फेटल’ म्हणजे थेट जीवघेणी. लग्नपत्रिकेत हा घोळ झाला तर संपलंच! चांगल्या भवितव्याला ‘डेस्टिनी’. ‘डेस्टिन्ड’पुढे क्रियापद आलं तर ‘टु’, नाम आलं तर ‘फॉर’. ‘डूम’ सर्वनाशापुरता. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल एकच असेल, तर निकाल ‘फोरगॉन कन्क्लूजन’, म्हणजे आधीच स्पष्ट असलेला. तिथे ‘प्रीडेस्टिन्ड’ नको, त्यात देवाची योजना येते. सेक्रेटरीने मीटिंगआधीच ठरवून टाकलं असेल, तर ‘डिसायडेड इन अ‍ॅडव्हान्स’ पुरे.