रुथेनियमच्या औषधाची प्रकाशचाचणी कशी करायची

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्याला मी आधी खिडक्यांचे पडदे ओढायला लावते. टीएलडी-१४३३ हे रुथेनियमचं संयुग, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी माणसांवर तपासलं गेलेलं, हिरव्या प्रकाशाने जागं होतं आणि ऑक्सिजनला पेशीमारक रूप देतं. म्हणून नळीला फॉइल आणि खोलीत फक्त मंद लाल दिवा.

पेशींच्या दोन सारख्या प्लेट लाव, दोन्हींत औषध तेवढंच. एक फॉइलमध्ये गुंडाळ, दुसरीवर प्रकाश टाक. त्याआधी फिनॉल रेड नसलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, घाल. तो रंग हिरवा प्रकाश गिळतो. दिव्याची ताकद माहितीपत्रकावरून घेऊ नकोस, प्लेटच्याच उंचीवर मीटर धरून मोज. दर चौरस सेंटिमीटरला २० मिलिवॉट मिळत असतील तर ५०० सेकंदांत १० ज्यूल होतात. काही वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यांत, नुसता प्रकाश हवा, औषध नको. नाहीतर दिव्याच्या उष्णतेने मेलेल्या पेशी औषधाच्या खात्यात जातात, आणि हे मला अजिबात चालत नाही.

दुसऱ्या दिवशी एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत उरल्या ते रंगावरून मोजणारी चाचणी. निम्म्या पेशी मारायला अंधारात लागलेल्या मात्रेला प्रकाशातल्या मात्रेने भाग. आकडा एकाच्या आसपास आला, म्हणजे प्रकाशाने फरकच पडला नाही, तर ते संयुग बाजूला ठेव, प्रकाशात कितीही मारक असो.