वानिकी किंवा पर्यावरणाची पदवी कमी खर्चात घ्यायची आहे? प्रवेशाआधी या चुका टाळा

बारावीनंतर जंगल, माती, पाणी किंवा वन्यजीव यांत शिकायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो. प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा: ही पदवी घेतल्यावर कोणकोणत्या परीक्षांना आणि पुढच्या कोणत्या अभ्यासक्रमांना बसता येतं? या क्षेत्रात एकसारख्या नावांच्या पदव्या खूप आहेत आणि त्यांतली प्रत्येक पदवी सगळीकडे चालत नाही. वर्षाला दहा हजार रुपये वाचवून तीन वर्षांनी जाहिरातीतल्या पात्रतेच्या ओळीत आपला विषयच नाही असं कळलं, तर ती पदवी सगळ्यात महाग पडते.

पदवीचं नाव पाहिलं, विषय पाहिले नाहीत

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. भारतीय वन सेवेच्या परीक्षेचं उदाहरण घ्या. संघ लोकसेवा आयोगाच्या नियमानुसार पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एका विषयासह पदवी लागते, किंवा मग कृषी, वानिकी वा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. म्हणजे नुसत्या पर्यावरणशास्त्राच्या पदवीत यांतला एकही विषय गुणपत्रिकेवर नसेल, तर अर्जच अडतो. राज्य लोकसेवा आयोग सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल पदांची भरती करतो, तेव्हाही विषयांची अशीच यादी लागते. मागच्या जाहिरातीची पीडीएफ काढून पात्रतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. कोणी सांगितलं यावर जाऊ नका.

यावर उपाय आहे आणि त्याला जादा पैसे लागत नाहीत. जवळच्या अनुदानित महाविद्यालयात बीएस्सी करायची असेल, तर मेजर म्हणजे मुख्य विषय वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र ठेवा आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून पर्यावरणशास्त्र घ्या. आवडही जपली जाते आणि पात्रताही राहते. हे पहिल्या वर्षीच ठरवावं लागतं, कारण मेजर नंतर बदलायला जागा फार कमी असते.

दुसरी अडचण पदव्युत्तर शिक्षणाची. कृषी विद्यापीठांत वानिकीत एमएस्सी करायला साधारणपणे वानिकी, कृषी किंवा उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी मागतात. तीन वर्षांची साधी बीएस्सी तिथे चालत नाही. ती असणाऱ्यांसाठी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेसारखे मार्ग आहेत. तिथल्या एमएस्सी वानिकीला मूलभूत विज्ञानाचे पदवीधरही बसू शकतात. पर्यावरणशास्त्राचं शिक्षण आधीच सुरू असेल तर तिथला पर्यावरण व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम नजरेसमोर ठेवावा.

शरीराच्या अटीही आत्ताच तपासा. वन सेवेसाठी उंची पुरुषांना १६३ सेंमी आणि महिलांना १५० सेंमी लागते (अनुसूचित जमातींना सवलत आहे). शिवाय चार तासांत पुरुषांना २५ किमी आणि महिलांना १४ किमी चालावं लागतं. चालण्याचा सराव करता येतो, उंचीचं तसं नाही.

प्रशिक्षण प्रबोधिनीला महाविद्यालय समजणं

चंद्रपूरची वन अकादमी, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलची प्रबोधिनी, देहरादूनची इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमी या संस्था निवड झालेल्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतात. बारावीनंतर तिथे पदवीला प्रवेश नसतो. त्यांच्या नावाने कोणी प्रवेशाचे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

महाराष्ट्रात बीएस्सी (ऑनर्स) वानिकीसाठी आधी पाहावीत अशी दोन जुनी सरकारी महाविद्यालयं आहेत: अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा. तिथे क्रमांक लागला नाही म्हणून घाईने महागड्या विनाअनुदानित कृषी महाविद्यालयात जाण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, कृषीची पदवी वन सेवेला चालते, त्यामुळे हा मार्ग चुकीचा नाही. दोन, त्या महाविद्यालयाला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का. नसेल तर पुढे पदव्युत्तर प्रवेशात अडचण येऊ शकते.

फक्त शिक्षण शुल्क बघून स्वस्त ठरवणं

समजा, पहिल्या महाविद्यालयाची फी वर्षाला १५,००० रुपये आहे, पण वसतिगृह मिळत नाही. खोलीभाडं महिना ३,५०० धरलं तर वर्षाचे ४२,०००. मेस दहा महिने, महिना ३,००० प्रमाणे ३०,०००. एकूण ८७,०००. दुसऱ्याची फी ४०,००० आहे, पण वसतिगृह वर्षाला ८,००० रुपयांत मिळतं आणि मेसला तेच ३०,००० लागतात. एकूण ७८,०००. फी अडीचपटीहून जास्त असूनही दुसरं महाविद्यालय चार वर्षांत ३६,००० रुपयांनी स्वस्त पडतं.

म्हणून फीचा तक्ता मागताना वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या किती मुला-मुलींना जागा मिळते हेही विचारा. नुसतं ‘वसतिगृह आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. या अभ्यासक्रमात आणखी काही खर्च हमखास येतात: शैक्षणिक सहली, शेवटच्या वर्षात वनपरिक्षेत्रात आणि गावात राहून करायचं काम, त्यासाठीचा प्रवास, मजबूत बूट, पावसाळी कपडे. अनामत रक्कम परत मिळते, ती खर्चात धरू नका, पण प्रवेशाच्या दिवशी हातात लागते. घरून ये-जा करता येणारं साधं विज्ञान महाविद्यालय या हिशोबात बऱ्याचदा सगळ्यांत वर येतं, आणि मेजर विषय नीट निवडला असेल तर त्यात काही कमीपणा नाही.

सीईटी दिली, आता प्रवेश होईलच

एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिली की काम संपलं असं समजून दरवर्षी मुलं मागे राहतात. कृषी आणि संलग्न पदव्यांच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी करावी लागते. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये नाव नोंदवलं म्हणून वानिकीच्या यादीत ते येत नाही. पर्याय भरताना वानिकी हवी असेल तर ती कृषीच्या वर टाका. वरचा पर्याय मिळाला की खालचे आपोआप गळतात, त्यामुळे क्रम आपल्या इच्छेप्रमाणेच लावावा, मागच्या वर्षीच्या कटऑफला घाबरून नव्हे. माहितीपुस्तिकेत अधिभाराच्या, म्हणजे जादा गुणांच्या, तरतुदीही वाचा आणि त्यासाठी लागणारी ७/१२ सारखी कागदपत्रं आधीच काढून ठेवा.

इतर राज्यांतल्या सरकारी कृषी विद्यापीठांत काही जागा सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून भरल्या जातात. सीयूईटीनंतर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या समुपदेशनासाठीही स्वतंत्र नोंदणी असते. या मार्गाने आपल्या राज्याबाहेर प्रवेश घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. लांबचं महाविद्यालय म्हणजे महागच, असं त्यामुळे दरवेळी होत नाही.

कॅपचा पैशांशी थेट संबंध आहे, तो नीट समजून घ्या. शुल्क सवलतीच्या राज्य योजना कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलतं. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि कृषी शिक्षण त्यात येतं. वानिकीची चार वर्षांची पदवी २०१६ पासून व्यावसायिक मानली जाते. घरात मुलगी शिकायची असेल तर हा मुद्दा सगळं गणित बदलतो.

मात्र ही सवलत मेस, खोली, प्रवास यांची नाही. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत: अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्. आपण कशात बसतो हे प्रवेशाआधी बघा.

शिष्यवृत्ती मंजूर, पण पैसे आले नाहीत

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे पैसे अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नसतं. ज्या बँकेशी आधार शेवटचा जोडला गेला, त्या खात्यात ते जातात. म्हणून:

- आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे ते आधारच्या संकेतस्थळावर तपासा. जुनं, बंद पडलेलं खातं दिसलं तर चालू खात्याच्या बँकेत जोडणीचा अर्ज द्या.
- अर्जाची स्थिती संस्थेच्या पातळीवर अडकलेली दिसली तर महाविद्यालयातल्या शिष्यवृत्ती लिपिकाला अर्ज क्रमांक देऊन पाठपुरावा करा. तिथून पुढे ढकलल्याशिवाय तो सरकत नाही.
- अर्ज परत आला असेल तर बहुतेक वेळा दाखला मुदतबाह्य किंवा अस्पष्ट असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नवीन काढून स्वच्छ स्कॅन जोडा.
- दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावंच लागतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून पुढे आपोआप मिळत नाही.

जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. अर्ज अकरावीतच टाकलेला बरा.

जंगल न बघता महाविद्यालय निवडणं

हा विषय वर्गात अर्धाच शिकता येतो. दापोलीत मुसळधार पाऊस, जांभी माती आणि जवळच खाडीकाठची खारफुटी. अकोल्यात कोरडं पानझडी जंगल, सागवान आणि हाकेच्या अंतरावर नसला तरी पोहोचण्याजोगा मेळघाट. काम कोणत्या प्रदेशात करायचं आहे यावरून निवड करा. साधं विज्ञान महाविद्यालय घेणार असाल तर वनस्पतिसंग्रह, रोपवाटिका, माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा आहे का, आणि वर्षात किती दिवस प्रत्यक्ष क्षेत्रभेट होते, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. माहितीपत्रकापेक्षा त्यांचं उत्तर खरं असतं.

प्रवेश रद्द करताना पैसे आणि कागद अडकणं

चांगली जागा नंतर मिळाली तर आधीचा प्रवेश लेखी अर्जाने, पोच घेऊन रद्द करा. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेनुसार महाविद्यालयाला मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, आणि शुल्काचा परतावा प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किती दिवस आधी किंवा नंतर प्रवेश रद्द केला यावर ठरतो. कॅपमधल्या जागेला मात्र प्रवेश प्रक्रियेचे नियम लागू होतात. फेरीची मुदत उलटली की रक्कम कापली जाते, त्यामुळे वेळापत्रकातली रद्द करण्याची तारीख वेगळी लिहून ठेवा.