परसातल्या तळ्यात कासव: आधी पाणी पाळायचं, मग कासव

तीन-चार सेंटिमीटरचं हिरवं पिल्लू प्लॅस्टिकच्या डबीत घालून देतात, सोबत वाळक्या कोळंबीची बाटली देतात आणि सांगतात, "आठवड्यातून एकदा पाणी बदला, बाकी काही लागत नाही." या एका वाक्यापायी किती कासवं मरतात, याची मोजदाद कुणी करत नाही. ते पिल्लू जगलंवाचलं आणि मादी निघाली, तर तिची पाठ २५ ते ३० सेंटिमीटर होते आणि ती २०-३० वर्षं तुमच्याकडे राहते. डबीत, बादलीत किंवा दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत तिचं आयुष्य निघत नाही. परसात जागा असेल तर तळं करा. जागा नसेल तर कासव आणू नका. वास्तूसाठी हवं असेल तर पितळेचं आणा. जिवंत प्राणी त्या कामाचा नाही.

कोणतं कासव, हे आधी ठरवा, कारण इथे कायदा आड येतो. पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ते बहुतेक मऊ पाठीचं देशी कासव असतं. ते आणि पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळणं हा गुन्हा आहे आणि त्याला ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. शेतात किंवा ओढ्यावर सापडलेलं कासव घरी आणू नका. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दुकानात जे मिळतं ते लाल कानाचं कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे. शक्य असेल तर नवीन विकत घेऊ नका. कंटाळलेल्या माणसांची मोठी झालेली कासवं भरपूर आहेत, त्यातलं एक घ्या. आणि कितीही अडचण आली तरी ते नदीत, तलावात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा ते बळकावतं.

खड्डा आणि बांधकाम

दोन मोठ्या कासवांसाठी ६ फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट खोल, एवढं पाणी धरा. म्हणजे साधारण १,७०० लिटर. याहून लहान केलंत तर पैसे वाचतील आणि पुढे कायम पाण्याशी झगडत बसाल. खोली दोन फुटांपेक्षा कमी ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात उथळ पाणी दुपारपर्यंत तापतं. काठ जमिनीपासून सहा इंच वर घ्या, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात अंगणातला गाळ तळ्यात येतो. बाहेरून दीड फुटाचा कठडा आणि त्याच्या वरच्या कडेला आतल्या बाजूने चार इंच शहाबादी फरशी पुढे काढा. कासव चढतं, आणि चांगलंच चढतं. कोपऱ्यात पाय रोवून ते जाळीवरूनही पलीकडे जातं, पण डोक्यावर आलेली फरशी त्याला ओलांडता येत नाही. पाणी जास्त झालं की बाहेर जाण्यासाठी दोन इंची पाइप ठेवा आणि त्याच्या तोंडाला जाळी लावा.

सिमेंटचं नवं तळं लगेच वापरायचं नाही. चुना पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. भरून ठेवा, चार-पाच दिवसांनी ओता, पुन्हा भरा. असं तीन-चार वेळा करा. त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ठेवायची जुनी पद्धत आहे, ती जरूर करा.

पाणी: खरं काम इथेच आहे

मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं, आणि मला भेटणारे दहापैकी नऊजण इथेच अडकलेले असतात. तक्रार ठरलेली असते: "पाणी चार दिवसांत घाण होतं, वास येतो. सगळं काढून घासून धुतो, तरी पुन्हा तेच." ते पुन्हा पुन्हा होतं याचं कारणच ते घासून धुणं आहे.

कासव पाण्यातच खातं, पाण्यातच घाण करतं, आणि तेवढ्याच मापाच्या माशापेक्षा कितीतरी जास्त. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. अमोनियाने डोळे सुजतात, कातडी लाल होते. हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, ते अजून विषारीच असतं. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, आणि ते थोड्या प्रमाणात असलं तर चालतं. हे जिवाणू पाण्यात मोकळे तरंगत नाहीत. ते खडीवर, स्पंजवर, भिंतीवरच्या बुळबुळीत थरात राहतात. तुम्ही ब्रश घेऊन तो थर घासून काढलात, वर नळाचं क्लोरीनचं पाणी सोडलंत, की सगळी वस्ती मेली. मग पाणी दिसतं काचेसारखं आणि आत अमोनिया चढत असतो. तळं पूर्ण रिकामं करून धुवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही वर्षं मासे विकत असो.

फिल्टर विकत घ्यायची गरज नाही, घरी उत्तम होतो. दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम घ्या. आधी रसायनं भरलेले नकोत, खाद्यतेलाचे चालतील. पहिल्या ड्रममध्ये फक्त गाळ बसवायचा आणि अडवायचा: पाणी तळाशी सोडा, वर जाड स्पंजचे दोन थर द्या आणि तळाला गाळ काढायला बॉल व्हॉल्व्ह बसवा. दुसऱ्या ड्रममध्ये जिवाणूंचं घर, त्यालाही तळाला व्हॉल्व्ह ठेवा. त्यात विटांचे भाजके तुकडे, जाड खडी, प्लॅस्टिकच्या बाटल्यांची टोपणं, जे मिळेल ते भरा, पण पाणी सगळीकडून फिरलं पाहिजे. वाळू भरू नका, ती दाबली जाते आणि पाणी एका वाटेनेच जातं. पंप तळ्यात, तिथून पहिला ड्रम, मग दुसरा, तिथून उतरणीने पाणी परत तळ्यात, थोडं उंचावरून, म्हणजे हवाही मिसळते.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा खरा धरू नका. तासाला २,००० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीला. ड्रमच्या काठापर्यंत, चार-पाच फूट पाणी चढवायचं म्हटलं की तो निम्म्यावरही येतो. तासाभरात तळ्याचं सगळं पाणी एकदा फिरून यायला हवं, म्हणून त्या उंचीला किती पाणी देतो ते विचारून घ्या. पंपाभोवती जाळीचा पिंजरा करा, कासवाचे पाय आणि वायर दोन्ही वाचतील. आणि त्या जोडणीला ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

आता सर्वात महत्त्वाचं. फिल्टर सुरू केला म्हणजे तयार झाला असं नाही. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. या काळात तळ्यात कासव नको. दहा-बारा गप्पी मासे सोडा, त्यांना रोज थोडं खाणं द्या, पंप चोवीस तास चालू ठेवा. ओळखीच्या कुणाचा चांगला चाललेला मत्स्यालयाचा फिल्टर असेल, तर त्यातल्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि दुसऱ्या ड्रममध्ये टाका. वेळ बराच वाचतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं, ते घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले, की कासव सोडा. थांबायचा कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. तरीही थांबा.

त्यानंतरची देखभाल अशी: आठवड्याला पहिल्या ड्रमचा व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडायचा, स्पंज तळ्याच्याच पाण्यात बादलीत पिळायचा, आणि पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. दुसऱ्या ड्रमला हात लावायचा नाही. वर्षाकाठी एकदा फारच गाळ दिसला तर तळ्याच्या पाण्यात हलवून घ्यायचा, तोही अर्धाच, उरलेला महिन्याभराने. नळाचं किंवा टँकरचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घाला, घाई असेल तर दुकानात मिळणारे, क्लोरीन मारणारे हायपोचे खडे वापरा. काढलेलं पाणी फुकट घालवू नका. जास्वंद आणि नारळ त्यावर फोफावतात. कोथिंबीर किंवा कच्चं खायच्या कुठल्याही भाजीला मात्र ते घालू नका.

लाईट गेली तर? दोन-तीन तास चालतं. रात्रभर पंप बंद राहिला, तर ड्रममधल्या जिवाणूंना हवा मिळत नाही, ते मरू लागतात आणि आतलं पाणी सडतं. अशा वेळी लाईट आली की पंप सरळ सुरू करू नका. आधी दोन्ही ड्रमच्या तळाचे व्हॉल्व्ह उघडून ते काळं, कुजक्या अंड्यांच्या वासाचं पाणी झाडांना सोडा, मग सुरू करा. ते पाणी तळ्यात गेलं तर एका रात्रीत सगळे गप्पी उलटे तरंगताना दिसतात. ज्यांच्याकडे लाईट वारंवार जाते त्यांनी पंप इन्व्हर्टरवर घ्यावा.

हिरव्या पाण्याला घाबरू नका. शेवाळाने कासव मरत नाही. अर्ध्या तळ्यावर सावली करा, जलपर्णीचा एक पुंजका सोडा, हिरवेपणा आपोआप उतरतो. आणि मोरचूद, ब्लीचिंग पावडर, "क्लीनर" म्हणून मिळणारी निळी बाटली यातलं काहीही टाकू नका. मोरचुदाने शेवाळ मरतं, त्याबरोबर तुम्ही दीड महिना थांबून बसवलेली वस्तीही मरते.

डासांसाठी वेगळं काही लागत नाही. हलत्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत. जिथे पाणी स्थिर राहतं अशा कोपऱ्यात दगडांची रास करा, त्यात गप्पी टिकतात. बाकीचे कासव खाणारच.

ऊन आणि सावली

तळ्यातून अंगाने पूर्ण बाहेर येऊन सुकता येईल अशी जागा हवी, आणि तिथे थेट ऊन पडलं पाहिजे. खरबरीत दगड किंवा जाड ओंडका चढणीने पाण्यात उतरवा. गुळगुळीत टाइल लावाल तर ते चढणार नाही. उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि पाठ मऊ पडते. हे किरण काचेतून येत नाहीत, पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यातूनही येत नाहीत, म्हणून वर पारदर्शक छप्पर घालून "ऊन तर येतंय" म्हणू नका. वर जाळी घाला. कावळे, घारी, मांजरं आणि मुंगूस लहान कासवाला सोडत नाहीत. चार इंचांपेक्षा लहान असेल तर त्याला बाहेर ठेवूच नका.

खाणं

पिल्लू मांसाहारी, मोठं झालं की बरंचसं शाकाहारी. मोठ्याला दिवसाआड द्या, पाच-दहा मिनिटांत संपेल एवढंच. अ‍ॅझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं, सर्वात उत्तम, गुरांसाठी तो करणाऱ्या कुणाकडूनही मूठभर आणा. जलपर्णी, लाल भोपळा, गाजर, अधूनमधून गांडूळ किंवा छोटा अख्खा मासा, आणि कासवाचं गोळीखाद्य. नुसत्या वाळक्या कोळंबीवर ठेवलेल्या कासवाचे डोळे सुजून बंद होतात, कारण अ जीवनसत्त्व मिळत नाही. पालक रोज नको. पोळी, पाव, भात अजिबात नको. समुद्रफेसाचा एक तुकडा पाण्यात तरंगत ठेवा, लागेल तसं कुरतडतं.

मादीला माती लागते

ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि ती पाण्यात नाही, जमिनीत. तळ्याला लागून, कठड्याच्या आत, दोन बाय तीन फुटांचा वाफा ठेवा. माती-वाळू अर्धी अर्धी, एक फूट खोल, कायम किंचित ओलसर. जागा नसेल तर अंडी आत अडकतात आणि मादी मरते. ती खाणं सोडून सतत मागच्या पायांनी काठ उकरू लागली, तर वाट न बघता डॉक्टरकडे नेऊन एक्स-रे काढा. नर आणि मादी दोन्ही असतील तर घातलेली अंडी लगेच काढून फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग टाका. पिल्लं होऊ देऊ नका, ती द्यायला चांगली घरं मिळत नाहीत. नर ओळखायला सोपा: पुढच्या पायांची नखं लांबलचक, शेपूट जाड, आकार मादीपेक्षा लहान.

थंडी आणि आजार

नाशिक, पुणे, नागपूरकडे जानेवारीत पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की खाणं पूर्ण बंद करा. कासव मागत असलं तरी देऊ नका, त्या थंडीत त्याला पचवता येत नाही आणि अन्न पोटात कुजतं. कोकणात हा प्रश्न सहसा येत नाही.

कासवाला किंवा तळ्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, आणि तळ्यातली कोणतीही वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना कासव हाताळू देऊ नका.

कासव पोहताना एका बाजूला कलत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते न्यूमोनियाचं लक्षण आहे. हळद, तेल किंवा माणसाचं मलम लावत बसू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघत नाहीत, म्हणून सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आपल्या शहरात कोण आहे, हे कासव आणायच्या आधी शोधून त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. न्यायच्या वेळी झाकणाला भोकं पाडलेल्या कोरड्या डब्यात, खाली ओलसर टॉवेल घालून न्या. पाण्यात ठेवून नेलेलं आजारी कासव वाटेत बुडू शकतं.