प्रोजेक्टची संदर्भसूची: शैली कुठली घ्यायची आणि ती कशी चालवायची

आधी गाईडना विचारा. विभागाने शैली ठरवून दिली असेल तर तीच घ्यायची, तिथे आपली आवड चालत नाही. मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रोजेक्टचे दिवस आले की मुलं काउंटरपाशी येऊन विचारतात, "मॅडम, एपीए घालू की एमएलए?" गाईडनी काहीच सांगितलं नसेल तरच या प्रश्नाला अर्थ आहे, आणि तेव्हा उत्तर विषय बघून द्यायचं.

मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र यांना एपीए. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची ही शैली, सध्या तिची सातवी आवृत्ती चालते. इथे लेखकाच्या मागोमाग वर्ष येतं, कारण पाहणी २००५ची आहे की २०२२ची, हे या विषयांत वाचणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवं. भाषा-साहित्याला एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची शैली, २०२१ची नववी आवृत्ती. तिथे कंसात वर्ष नसतं, आडनाव आणि पान एवढंच, कारण वाचणाऱ्याला तुम्ही उचललेली नेमकी ओळ गाठायची असते. इतिहासाला शिकागो शैलीची तळटीप पद्धत. इंजिनिअरिंगला आयईईई आणि वैद्यकीय शाखेला व्हँकुव्हर. दोन्हींत मजकुरात क्रमांक टाकायचा आणि शेवटी त्याच क्रमाने यादी द्यायची.

एकच पुस्तक घेऊन फरक बघा. अ. का. प्रियोळकर मूळ आमच्याच तालुक्यातल्या प्रियोळचे. भारतातल्या मुद्रणावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ, 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया', मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने १९५८ साली काढला. समजा, त्यातल्या २५व्या पानावरचा मुद्दा तुम्ही घेतलात. एपीएत लिहायचं: (प्रियोळकर, १९५८, पृ. २५). एमएलएत: (प्रियोळकर २५), मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. शिकागोत वाक्याच्या शेवटी वर चढवलेला आकडा, आणि पानाच्या तळाशी पूर्ण नोंद: अ. का. प्रियोळकर, द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया (मुंबई: मराठी संशोधन मंडळ, १९५८), २५. तोच ग्रंथ पुन्हा आला की फक्त 'प्रियोळकर, प्रिंटिंग प्रेस, ४०' एवढं पुरतं. जुन्या प्रबंधांत दिसणारं 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच ग्रंथात') टाळा. गाईडनी मध्येच एक तळटीप वाढवायला सांगितली की खालचं 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. शिकागोचाही कल आता छोट्या नोंदीकडेच आहे.

तळटिपेत नाव सरळ लिहायचं आणि शेवटच्या सूचीत आडनाव पुढे घ्यायचं, हेही लक्षात ठेवा. प्रकाशनाचं गाव एपीए आणि एमएलए आता मागत नाहीत, शिकागोच्या २०२४च्या अठराव्या आवृत्तीनेही त्याची सक्ती काढली. जुन्या, म्हणजे १९००च्या आधीच्या पुस्तकांना मात्र शिकागोत आणि एमएलएत गावाचं महत्त्व अजून आहे, आणि गोव्यावर लिहिणाऱ्याला अशी पुस्तकं लागतातच.

शैलीची नियमावली कधीही उघडून बघता येते. खरं काम पुस्तक हातात असताना करायचं असतं. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तुम्ही वाळपईहून दोन बस बदलून जाता, दुर्मीळ पुस्तक तिथेच बसून वाचता, चार पानं वहीत उतरवून घेता आणि प्रकाशकाचं नाव टिपायचं राहतं. त्यासाठी पुन्हा पणजी गाठायची का? म्हणून आधी नोंद, मग वाचन. नाव मुखपृष्ठावरून घेऊ नका, आतल्या शीर्षकपानावरून घ्या. वर्ष त्याच्या मागच्या बाजूला सापडतं. तिथे आवृत्तीही बघा: पहिली १९६२ची आणि तुमच्या हातातली १९९०ची असेल तर दोन्ही टिपून ठेवा, पानं मात्र हातातल्या प्रतीचीच द्यायची. मराठी पुस्तकावर नुसता शक असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९. महिना दिलेलाच नसेल तर शके १८२५च्या पुढे कंसात १९०३-०४ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं.

आता आपल्याकडची खास अडचण, पोर्तुगीज नावं. कुन्य रिव्हारांनी संपादित केलेला 'आर्किवो पोर्तुगेझ ओरिएंताल' हा दस्तऐवजसंग्रह इतिहासाच्या पुष्कळ प्रोजेक्टांत येतो. त्यांचं पूर्ण नाव जुआकिम एलिओदोरु द कुन्य रिव्हार. सूचीत हे 'कुन्य'खाली जात नाही आणि 'द'खालीही जात नाही. पोर्तुगीज रीतीप्रमाणे शेवटचा भाग पुढे येतो: रिव्हार, जुआकिम एलिओदोरु द कुन्य. उलट, आपल्या गावातले डिसोझा 'ड'खालीच, कारण तिथे ते एकच आडनाव झालेलं आहे. प्रकाशनस्थळ म्हणून पुस्तकावर 'नोवा गोवा' असेल तर तसंच ठेवा. नोवा गोवा म्हणजे पणजीच, पण तुमचा वाचक ज्या नावाने तो ग्रंथ शोधणार आहे ते नाव तुम्ही बदलायचं नाही.

पुराभिलेखातली कागदपत्रं वापरणार असाल तर तळटिपेला पर्याय नाही, कंसात ते मावतच नाही. 'मोंसोंएस दु रेनु' या मालिकेतला दस्तऐवज असेल तर संस्थेचं नाव, गाव, मालिका, खंड क्रमांक, फोलिओ (क्रमांक घातलेला हस्तलिखिताचा कागद) आणि फोलिओची पुढची बाजू की मागची, इतकं सगळं द्यावं लागतं. बाजू लिहायला मुलं हमखास विसरतात.

वर्तमानपत्राला तारीख आणि पान लागतंच, पण आवृत्तीही लिहा. नुसतं 'तरुण भारत' लिहिलंत तर बेळगावचा की नागपूरचा? ती दोन वेगळी पत्रं आहेत. 'तरुण भारत, गोवा आवृत्ती' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

आणि माणसं. सत्तरी तालुक्यातल्या धालोंवर, म्हणजे बायकांच्या लोकगीत-नृत्यांवर, प्रोजेक्ट करणारी मुलगी आजीकडून गाणी उतरवून आणते. तो संदर्भ पुस्तकाइतकाच मोलाचा आहे, तो 'स्थानिक माहिती' म्हणून उडवून लावू नये. एमएलएत मुलाखत सूचीत येते: सांगणाऱ्याचं नाव, मुलाखत कोणी घेतली, तारीख. शिकागोत बहुधा तळटिपेपुरती राहते. एपीए अशा संभाषणाला फक्त मजकुरात जागा देते, सूचीत देत नाही, कारण वाचक ते परत जाऊन तपासू शकत नाही. कुठलीही शैली असली तरी नाव छापण्याआधी आजीची परवानगी घ्या, आणि गाव व तारीख स्वतःच्या वहीत ठेवा.

दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं अवतरण ही सर्वांत जास्त फसगत होण्याची जागा. सोळाव्या शतकातलं एखादं पत्र तुम्ही प्रियोळकरांच्या ग्रंथात वाचलंत, तर तुम्ही वाचलेत ते प्रियोळकर, ते पत्र नव्हे. मजकुरात पत्राचा उल्लेख करा आणि कंसात 'प्रियोळकर यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं लिहा. सूचीतही प्रियोळकरच येतील. तोंडी परीक्षेत कोणी "हे मूळ पत्र कुठे पाहिलंस?" असं विचारलं तर सांगायला उत्तर असतं.

मराठीत प्रोजेक्ट असेल तर सूचीत मराठी ग्रंथ आधी अकारविल्हे लावा, मग इंग्रजी आणि पोर्तुगीज ग्रंथ रोमन लिपीत वेगळ्या गटात. इंग्रजीत लिहीत असाल तर मराठी शीर्षक रोमन अक्षरांत द्या आणि पुढे चौकोनी कंसात त्याचा अर्थ.

झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, वर्डला जोडता येतं, आणि ऐन वेळी गाईडनी शैली बदलायला लावली तर सगळ्या नोंदी एका फटक्यात बदलतात. पण त्यात नाव आणि आडनाव वेगवेगळ्या चौकटींत तुम्हालाच भरावं लागतं. इंटरनेटवरून आपोआप आलेल्या नोंदीत आपली नावं हटकून उलटीपालटी होतात, प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घाला. एआयला मात्र संदर्भ मागू नका. नसलेली पुस्तकं तो खऱ्यासारख्या नावांनी देतो. लेखाला डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तो उघडून बघा, पुस्तक असेल तर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधा. सापडलं नाही तर ते सूचीत येता कामा नये.

पुढे एमए करणाऱ्यांसाठी: यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, चाळीसपर्यंत गेलं तर लेखन सुधारून द्यावं लागतं, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. श्रेय देऊन रीतसर उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे अवतरणचिन्हं आणि संदर्भ नीट दिलेत तर घाबरण्याचं कारण नाही.

सबमिशनच्या आधी प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. मजकुरातला एकेक संदर्भ सूचीत आहे का ते पाहत खूण करत जा. मग उलट करा, सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठे आली ते शोधा. एपीए-एमएलएत जी मजकुरात कुठेच नाही, ती सूचीतून काढायची, मग ते पुस्तक तुम्ही कितीही आवडीने वाचलेलं असो.