सड्यावर वेगळा तेरडा दिसला तर त्याचं वर्णन कसं लिहायचं

चवथीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळमाळांवर, तेरडा असा फुलतो की लांबून जमीनच गुलाबी दिसते, आणि मग दरवर्षी कोणी ना कोणी फोटो पाठवतंच, "हा बघ, हा वेगळा आहे, नवीन व्हरायटी काय रे?" व्हरायटी म्हणजे एकाच जातीतला वेगळा प्रकार. कधीकधी तो खरंच वेगळा असतो. पण नुसत्या फोटोवरून काही ठरत नाही, आणि पुढे काय करायचं ते बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून मला जेवढं येतं तेवढं लिहितोय. उदाहरण तेरड्याचं घेतलंय पण पद्धत कवला, दिपकाडी, कशालाही चालेल.

आधी थांबा आणि आजूबाजूला फिरा. चोर्ल्याच्या वाटेवर मला एकदा गुलाबी तेरड्यात पांढरं झाड दिसलं, मी दोन दिवस हवेत होतो, मग बाकी सगळं मोजलं तर पान, खोड, फुलाची शेपटी, सगळं शेजारच्या गुलाबी झाडासारखंच निघालं, फक्त रंग गेलेला. असं एखादं पांढरं झाड म्हणजे व्हरायटी नव्हे. व्हरायटी म्हणायला एकापेक्षा जास्त फरक एकत्र दिसायला पाहिजेत, ते एका झाडात नाही तर अख्ख्या ताटव्यात दिसायला पाहिजेत, पुढच्या पावसातही तसेच राहायला पाहिजेत, आणि शक्यतो त्या झाडांचा स्वतःचा असा भाग किंवा जागा असावी. कातळावरच्या उथळ मातीत झाड खुजं राहतं आणि ओहोळाच्या कडेला तेच झाड गुडघ्यापर्यंत जातं, त्यामुळे नुसत्या उंचीवर कधीच विसंबू नका. गावात माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या मांडवीचं, सामान आणायला रानात जाणारी जुनी माणसं असतात त्यांना जरूर विचारा, रानात कुठे कुठलं फूल कधी येतं हे त्यांना पाठ असतं.

उपटायच्या आधी परवानगी. म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक पानसुद्धा तोडायचं नाही, आणि बाहेरही जमीन कोणाची ते विचारून घ्या. ताटव्यात पाच-सातच झाडं असतील तर तोडूच नका, फोटो आणि मापं घेऊन परत या.

आता मुख्य काम, आणि हे जागेवरच करायचं. तेरड्याचं फूल इतकं मांसल आणि नाजूक असतं की दाबून वाळवलं की पाकळ्या एकमेकींना चिकटून नुसता डाग उरतो, नंतर त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मी एक पांढरी बशी, थोडं पाणी, सुई, दहा पटीचं भिंग आणि आलेख कागद बरोबर नेतो. फूल बशीतल्या पाण्यावर तरंगत ठेवायचं आणि सुईने एकेक भाग हळूच सोडवायचा. बाजूची दोन छोटी निदलं, खालचं मोठं निदल ज्याची मागे शेपटी होते, वरची एक पाकळी, आणि बाजूच्या चार पाकळ्या ज्या दोन-दोन जोडून पंखासारख्या झालेल्या असतात. पाच पुंकेसर मिळून अंडाशयावर टोपी घातल्यासारखे बसलेले असतात, ती टोपी गळली की मग खालची कुक्षी मोकळी होते, त्यामुळे ताजं आणि जुनं अशी दोन्ही फुलं बघा. सगळे भाग आलेख कागदावर मांडून स्केलसकट फोटो घ्या. शेपटी सरळ की वाकडी, टोकाला फुगीर की निमुळती, किती मिमी, हे न चुकता लिहा, तेरड्यात बऱ्याचदा फरक तिथेच सापडतो.

रंग तेव्हाच वहीत लिहा, संध्याकाळी आठवणीने नको. एकाच झाडाची मापं घेऊ नका, निदान दहा झाडं, वेगवेगळ्या कोपऱ्यातली, आणि सर्वात लहान ते सर्वात मोठं असं लिहा. "पानं छोटी व सुंदर" याला काही अर्थ नाही. "पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, 3–6 सेंमी लांब, 4–8 मिमी रुंद, कड दातेरी, खालची बाजू फिकट" असं लिहिलं की ज्याने सडा कधी बघितला नाही त्यालाही झाड डोळ्यासमोर येतं. क्रम खालून वर आणि बाहेरून आत: मूळ, खोड, पान, फुलोरा, निदलं, पाकळ्या, पुंकेसर, अंडाशय, फळ, बी. तेरड्याचं फळ हात लागताच फुटून बिया उडतात, म्हणून पिकत आलं की मलमलची छोटी पिशवी बांधून ठेवा.

नमुने दाबताना रोज कागद बदला. श्रावणातल्या दमट हवेत दोन दिवस विसरलो आणि माझ्या एका अख्ख्या गठ्ठ्यावर बुरशी चढली होती, पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. थोडी फुलं 70 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा. प्रत्येक नमुन्याला नंबर, तारीख, जागा, जागेची समुद्रसपाटीपासून उंची, आणि तोच नंबर फोटोला आणि बाटलीलाही.

मग तुलना. आर. एस. राव यांचं 1985–86 मधलं गोव्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक, त्याआधीचं कुकचं मुंबई इलाख्याचं, दोन्ही काढून बसा, पण पुस्तकावर थांबू नका. पुण्याला बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह, आहे, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथले जुने नमुने प्रत्यक्ष बघितल्याशिवाय "नवीन" हा शब्द तोंडातून काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला बरोबर घ्याच.

लिहिताना पूर्ण वर्णनाच्या आधी दोन-तीन ओळीत फक्त फरक सांगायचा, मूळ झाडात असं, यात तसं. 2012 पासून हे इंग्रजीत चालतं, त्याआधी 1935 पासून लॅटिनच लागायचं. एक नमुना होलोटाईप, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून ठरवून तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय ते छापावंच लागतं, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. नाव लॅटिन व्याकरणाला धरून हवं, दिपकाडीचं लॅटिन नाव नपुंसकलिंगी म्हणून तिथे शेवट एन्से (concanense), तेरड्याचं लॅटिन नाव इम्पेशन्स स्त्रीलिंगी म्हणून तिथे शेवट एन्सिस होईल. स्वतःचं नाव देऊ नये. आणि जातीची पहिलीच व्हरायटी जाहीर केली की मूळ झाडालाही आपोआप व्हरायटीचं नाव मिळतं, जातीचंच नाव पुन्हा, ते कोणी वेगळं द्यायचं नसतं.

छापताना जागा तालुका आणि गावापर्यंतच द्या, जीपीएसचे नेमके आकडे हर्बेरियमच्या नोंदीत राहू देत. मोपाच्या सड्यावर आता विमानतळ आहे, तिथे पूर्वी काय काय फुलायचं ते आज फक्त लिहून आणि दाबून ठेवलेल्यातूनच कळतं, तर तुमच्या सड्यावरचं या पावसात लिहून घ्या.