केस-चर्चा सुरू होऊन बंद पडते? आमच्याकडे हे लागू पडलं

इंदूरच्या आम्हा मराठी डॉक्टरांची केस-चर्चा दर वेळी उत्साहात सुरू व्हायची आणि मग थंड पडायची. "कोणाकडे चांगली केस आहे का?" विचारून पाहिलं, व्याख्याते बोलावले, रविवार सकाळ ठेवली. एक जण बोलणार, बाकीचे गप्प. फार जीव जळायचा.

शेवटी जमलं ते या क्रमाने. आधी वार पक्का केला: गुरुवार, ओपीडी आटोपल्यावर साडेनऊ. पुढची केस कोण मांडणार हे आजच, उठण्यापूर्वी ठरवायचं. रुग्णाचं नाव, चेहरा, रिपोर्टवरचा बारकोड झाकायचा. मग फक्त वय, तक्रार, तपासणी सांगून थांबायचं आणि एकच प्रश्न टाकायचा. उदाहरणार्थ, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप उतरलाय, नातेवाईक घरी न्यायला उभे. पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत. सोडाल का?

उत्तरं सर्वांत ज्युनिअरपासून घ्या. माझ्या मते सगळं यावरच अवलंबून आहे. सीनिअर आधी बोलले की बाकीच्यांची तोंडं मिटतात. त्यानंतरच रिपोर्ट उघडा: हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ३८ वरून ४६, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ, प्लेटलेट्स घसरलेल्या. म्हणजे प्लाझ्मा, रक्तातला द्रव भाग, रक्तवाहिन्यांबाहेर गळतोय, घरी सोडायचं नाही.

४५ मिनिटांनी थांबा, वाद रंगात आला असला तरी. उरलेलं पुढच्या गुरुवारी.