ईसीजीची पट्टी बघण्याआधी मान बघा

‘हड्ड्यांत दुखता’ (कोंकणीत ‘छातीत दुखतंय’) म्हणत रुग्ण आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. मधुमेही आणि वयस्कर माणसांत दुखणं नसतंही. नुसता दम, घाम किंवा उलटी असते आणि घरचे ‘गॅस जाला’ म्हणून सांगतात.

आधी पट्टी नीट काढा. आपल्याकडच्या दमट हवेत छाती घामेजलेली असते, चकत्या (इलेक्ट्रोड) निसटतात आणि रेषा वरखाली डुलते. त्वचा कोरड्या गॉजने पुसा. छातीवरच्या पहिल्या दोन चकत्या, व्ही१ आणि व्ही२, बहुतेक वेळा वर लागतात. गळ्याच्या खळीखाली बोट सरकवलं की उरोस्थीवर आडवा उंचवटा लागतो, तिथे दुसरी बरगडी. तिच्याखालची फट दुसरी. तिथून मोजत चौथीत या. लीड म्हणजे हृदयाची एका दिशेने काढलेली नोंद. लीड १ मध्ये सगळंच उलटं आणि एव्हीआर या लीडमध्ये सरळ दिसलं, तर हातांच्या वायरी बदलल्यात. वेग सेकंदाला २५ मिमी आणि १ मिलिव्होल्टला १० मिमी आहे ना, तेही बघा.

सगळ्यात जपायचं ते हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी (ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेषा) वर, एव्हीएलमध्ये खाली. लीड ३ मधली उंची लीड २ मधल्यापेक्षा जास्त असेल तर बहुधा उजवी धमनी बंद आहे, आणि हृदयाचा उजवा खालचा कप्पाही सापडलेला असू शकतो. आता रुग्णाकडे बघा: रक्तदाब कमी, मानेची शीर फुगलेली, फुप्फुसं मात्र स्वच्छ. व्ही४ची चकती तशीच उजव्या बाजूला लावून पुन्हा पट्टी काढा आणि तिच्यावर ‘व्ही४ आर’ लिहा. तिथे एसटी १ मिमी किंवा जास्त वर असेल तर जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) देऊ नका. हा कप्पा शिरांतून येणाऱ्या रक्तावरच चालतो. गोळीने शिरा सैलावतात आणि दाब कोसळतो. इथे सलाईन लागतं, २५० मिली देऊन दाब आणि फुप्फुसं पुन्हा तपासायची. अ‍ॅस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून खायला द्या. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नाही ना, तेवढं विचारून.

एसटी जवळपास सगळीकडे वर, बशीसारखी खोलगट, पीआर (उंच टोकाआधीची रेषा) खाली आणि पुढे वाकून बसल्यावर दुखणं कमी: हृदयावरणाचा दाह. पण एव्हीआर आणि व्ही१ सोडून कुठेही एसटी खाली असेल तर झटकाच समजा.

नाडी अगदी बेताल आणि पी लहर (उंच टोकाआधीचा छोटा उंचवटा, वरच्या कप्प्यांचा) नाही, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन: वरचे कप्पे नुसते थरथरतात. ३० मोठ्या चौकोनांतले क्यूआरएस (ठोक्याची उंच टोकं) मोजून दहाने गुणा. नाडीवर विसंबू नका, काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत.

नाडी ३०-४०, चक्कर, मानेत मधूनच उसळी: पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांचा इशारा खालच्यांपर्यंत पोचत नाही. कागदाच्या कडेवर पी लहरींच्या खुणा करून कागद पुढे सरकवा. पी आपल्या चालीने, क्यूआरएस आपल्या.

पहिली पट्टी ठीक आली आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढा. गोव्यात काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय जवळ नाही, तेव्हा संशय येताच १०८ रुग्णवाहिका बोलवा. मोठ्या डॉक्टरांना फोटो पाठवण्याआधी पट्टीवर वेळ, रक्तदाब आणि दुखणं कधी सुरू झालं हे पेनाने लिहा.